मामा म्हणायचं नाही

ऐपशीचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस लागला की मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या त्या बोळात धूर वर जात नाही. भट्टीतून निघतो, पत्र्याला डोकं आपटतो आणि माघारी फिरून माणसांच्या डोळ्यांत बसतो. माडीवरच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता शेवंताला नाकानंच कळायचं, की खाली आता मूस चढली, आता तेजाब उकळायला लागलं. त्या सकाळी नाकाला काहीच कळलं नाही. पाऊस होता, भिंतींची ओल होती, समोरच्या गोदामातल्या भिजक्या पुठ्ठ्यांचा वास होता. धूर नव्हता.

तिनं तवा उतरवला आणि जिन्यावरून वाकून बघितलं. नवरा खालच्या पायरीवर बसला होता. गुडघ्यांवर हात ठेवलेले, आणि हात मोकळे. दिनकरचे हात दिवसाच्या उजेडात मोकळे तिनं फारसे कधी बघितले नव्हते. चिमटा नसला की ते कुणा दुसऱ्याचे वाटायचे. बोटांची पेरं तेजाबानं तपकिरी झालेली, नखं पिवळी, आणि अंगठ्याच्या बेचक्यात चिमट्याचा घट्टा.

चिमटा महेशनं घेतला होता. हिसकावून नव्हे. महेश म्हणजे मालकाचा मुलगा, शिकलेला, बोलायला गोड. काका, आता तुम्ही आराम करा, असं म्हणून त्यानं तो दिनकरच्या हातातून अलगद काढून खिळ्याला अडकवला होता. माधवरमच्या पुढं त्यानं नवी शेड घेतली होती. तिथं विजेची भट्टी बसत होती, धूर ओढून घेणारं यंत्र बसत होतं. बोळातल्या लोकांच्या धुराबद्दलच्या तक्रारी वाढल्या होत्या, त्यामुळं जुनं दुकान पोंगलपर्यंत रिकामं करायचं ठरलं होतं. दुकान म्हणजे खालची भट्टी, आणि तिच्यावरची ही माडी. दिनकर नि शेवंताचा संसार त्या माडीवरच्या एका खोलीत होता.

दिनकर विचारायला गेला, की शेडवर मी कधीपासून यायचं. महेशनं हसून पाठीवर हात ठेवला. त्याचा बाप कृष्णाजी गादीवर बसला होता. तो म्हणाला, जेवलास का?

काढलं, असं कुणी म्हणालं नाही. पण ठेवलं, असंही कधी कुणी म्हणालेलं नव्हतं. दिनकरला मिसरूड फुटायच्या आधी कृष्णाजीनं त्याला खानापुराकडच्या गावाहून मद्रासला आणला होता. गलाईच्या धंद्यात तीच रीत. सोनारांच्या पेढ्यांवरची झाडणूक, मोडके दागिने मुशीत घालून शुद्ध सोनं काढून द्यायचं, आणि त्या कामाला आपल्या गावचीच पोरं आणायची. पोरगं आलं की दुकानातच झोपतं, दुकानातच जेवतं, मालकाला मामा म्हणतं. दिनकरचं आडनाव वेगळं, भावकी वेगळी. रक्ताचं काही नाही. तरी मामाच.

आणखी एक रीत होती. एका दुकानाचा माणूस दुसऱ्या दुकानानं पहिल्या मालकाला विचारल्याशिवाय ठेवायचा नाही. पावसाची उघडीप मिळेल तसा दिनकर बाजारातल्या गलाईवाल्यांकडं फिरला. सगळे आपलेच, सगळ्यांनी चहा पाजला, आणि तो जिना उतरायच्या आत सगळ्यांनी कृष्णाजीला फोन लावला. कृष्णाजी प्रत्येकाला एकच सांगायचा, की दिनकर माझ्या घरचा माणूस आहे, तो तुमच्याकडं कशाला राबेल? त्यात त्याला दिनकरचा मान दिसत होता. दिनकरला त्या मानानं गावभर दारं बंद झाली.

तो ओला होऊन यायचा, पायरीवर बसायचा. शेवंता वरून बघायची आणि भाकरी थापायची. दुकानातल्या सगळ्या पोरांच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या तिच्याच हातच्या होत्या. नवऱ्याचं काम थांबलं होतं. तिचं थांबलं नव्हतं.

*

वकील तिला दह्याच्या पिशव्या आणायला गेली तेव्हा सापडला. तंबू चेट्टी रस्त्यावर वकिलांच्या पाट्याच पाट्या आहेत, तिला वाचता येत नाहीत अशा लिपीत. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीखाली काळा कोट घातलेला एक म्हातारा फोनवर घरी बोलत होता, आणि जेवण झालं कां, औषध घेतलांत कां, असं विचारत होता. शेवंता पावसातच थांबली. मराठी होती, पण जुन्या कणगीतल्या धान्यासारखी, वेगळ्याच वासाची. तो फोन ठेवेपर्यंत ती भिजत उभी राहिली आणि मग तुम्ही मराठी का, म्हणून विचारलं.

"तंजावरची मराठी," तो म्हणाला. "तुमच्या कामाला येईल कीं नाही, ठाऊक नाही."

राघोत्तम राव त्याचं नाव. दुसऱ्या दिवशी दोघं त्याच्या खोलीत गेली. खोलीत एक पंखा, दोरीवर वाळत घातलेला दुसरा काळा कोट, आणि तो स्वतः, पाय वर घेऊन खुर्चीत बसलेला. दिनकरचं बोलणं त्याला वेगानं धावल्यासारखं वाटायचं. दर चार वाक्यांनी हात वर करून तो थांबवायचा. त्याचं बोलणं ह्यांना पोथीतल्यासारखं वाटायचं. शेवटी निम्मं शेवंतानं हातवाऱ्यांनी सांगितलं.

हजेरी कुठं लागते का, त्यानं विचारलं. नाही. ओळखपत्र, नेमणूक? नाही. आजारपणाचं, म्हातारपणाचं काही कापून सरकारात भरतात का? दिनकरला प्रश्नच कळला नाही. मग गावी जाताना रजा कुणाला विचारायचात?

"मामाला."

राघोत्तमानं पाय खाली सोडले. कायद्याला आधी एकच गोष्ट हवी असते, त्यानं समजावलं, की हा माणूस कामगार आहे. तेवढं उभं राहिलं, तर विनाकारण काढता येत नाही, काढलं तर परत घ्यायला लावता येतं. समोरची बाजू काय म्हणेल ते त्याला आताच दिसत होतं. म्हणेल, कामगार कसला, हा आमच्या घरचा, आमचा भाचा. भाचासुद्धा कामगार असू शकतो, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. पण आधी जावं लागतं कामगार खात्यात समेटाला, आणि त्या टेबलावर वर्षं नसतात. अधिकाऱ्यासमोर एक दुपार असते.

"म्हणून सांगतों," तो म्हणाला. "तिथं मामा म्हणायचं नाही. काहीं झालं तरी नोको. मालक म्हणायचं. हें एकच काम तुम्हांस. बाकी अस्कीं मी बघतों."

जाता जाता त्यानं शेवंताला विचारलं, की इतकी वर्षं दुकानाचा स्वयंपाक करता, त्याचं काय देतात. शेवंता पदर तोंडाला लावून हसली. काय देतात म्हणजे? पोरं जेवतात. राघोत्तम तिच्याकडं बघत राहिला, आणि तमिळमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटला.

*

मग माडीवर तालीम सुरू झाली. शेवंता अधिकारी व्हायची. पिठाचे हात कमरेवर ठेवून, आवाज जाड करून ती विचारायची:

"ह्यो तुमचा कोन?"

दिनकर ताठ बसायचा. घसा साफ करायचा.

"मामा."

"अवं."

"आलं तोंडात. पुन्हा इचार."

ती पुन्हा विचारायची. तो डोळे मिटायचा, ओठ जुळवायचा, आणि मालक शब्द तोंडात आला की त्याचं तोंड भाजल्यासारखं व्हायचं. एकदा म्हणाला, मालक मामा. शेवंतानं उलथनं ताटलीवर आपटलं आणि दोघंही हसली. किती दिवसांनी हसली. मग त्यानं जिन्याकडं बघितलं. म्हणाला, ते खाली गादीवर बसल्यात, ऐकू गेलं असंल.

कृष्णाजीला ऐकू गेलं नव्हतं, पण कामगार खात्याची नोटीस मिळाली होती. तो वर आला. जिना चढून धाप लागलेली, रक्तदाबाचा, साखरेचा माणूस. दारातच उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, की तुला काय कमी केलं मी? खोली सोड म्हणालो का? शेडच्या कारभारात माझं महेश ऐकत नाही, त्याला मी काय करू? पण घरातला माणूस सरकारात जातो, हे मी गावी कोणत्या तोंडानं सांगू?

दिनकरनं मान खाली घातली. शेवंतानं कृष्णाजीपुढं पाट सरकवला आणि चहा ठेवला, बिनसाखरेचा. तो बसला. चहा प्याला. कप स्वतःच मोरीत ठेवून गेला.

*

तारखेच्या सकाळी पाऊस धो धो होता. तेनामपेटला, कामगार खात्याच्या ऑफिसात जायचं. दोघं दारात छत्री उघडत होती तोवर कृष्णाजीची रिक्षा आली. त्यानं प्लास्टिकचा पडदा वर धरला आणि म्हणाला, बसा की, एकाच ठिकाणी जायचंय, दोन रिक्षा कशाला? दिनकर बसला. शेवंताही बसली. काय करणार? वाटेत कृष्णाजीनं माऊंट रोडवरच्या कुठल्या इमारती पूर्वी नव्हत्या ते दाखवलं. दिनकर होय मामा, होय मामा, म्हणत गेला. शेवंतानं कोपर मारलं, तेव्हा तो पडद्याच्या फटीतून बाहेर बघू लागला.

ऑफिसात नंबर लागेना. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात बाकं होती, छपरातून थेंब गळत होते, माणसं फायली छातीशी धरून बसली होती. दुपार झाली. कृष्णाजीला गोळी घ्यायची होती, आणि गोळी उपाशीपोटी चालत नाही हे शेवंताला माहीत होतं. तिनं डबा उघडला. त्याच्यासाठी बिनमिठाची भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून आणलेली होती. तिघं एका बाकावर बसली, आमटीत एकाच वाटीत बुडवून जेवायला लागली.

राघोत्तम जिना चढून आला तो तिथंच थांबला. छत्रीतलं पाणी त्याच्या बुटावर गळत होतं.

"अय्यो," तो हळूच म्हणाला. "असं कां करलांत?"

त्याच्या मागोमाग समोरचा वकील आला. तरुण, चकचकीत. महेशही त्याच्यासोबत होता. त्या वकिलानं तिघांकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि मोठ्या मायेनं शेवंताला तमिळमध्ये विचारलं, की अम्मा, सगळ्यांचं जेवण तुम्हीच करता का? दुकानातल्या पोरांचंही? शेवंताला बरं वाटलं कुणीतरी विचारलं म्हणून. मोडक्या तमिळमध्ये तिनं सांगितलं, की होय, सगळ्यांचं, रोज.

आत गेल्यावर ते तिला उमगलं. समेट अधिकारी अलमेलू मॅडम टेबलामागं बसल्या होत्या, चष्मा केसांत खोवलेला, समोर फायलींची चळत. समोरच्या वकिलानं सगळ्यात आधी शेवंताच्या भाकऱ्याच मांडल्या. एका चुलीवरचं खातात, मॅडम. ह्या बाई सगळ्या दुकानाला घरच्यासारखं जेवू घालतात, एक पैसा घेत नाहीत. कुठल्या कामगाराची बायको असं करते? हे घर आहे. घरातले रुसवेफुगवे आहेत.

शेवंता मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला तमिळ सगळं कळत नव्हतं, पण चपाती नि सांबार नि सुम्मा, म्हणजे फुकट, हे शब्द कळत होते. इतक्या वर्षांचा धूर, इतक्या वर्षांचा भाजलेला तळवा, त्या माणसानं तिच्याच हातातून काढून घेतला आणि तिच्याच नवऱ्यावर उगारला. तोंडात शिवी आली. ती तिनं गिळली. गिळायची सवय होती.

राघोत्तम उठून बोलला. आडनाव वेगळं, गोत्र वेगळं, रक्ताचा संबंध नाही. काम सांगणारे हे, वेळ ठरवणारे हे, चिमटा काढून घेणारेही हेच. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कृष्णाजीला म्हणाल्या, शेडवर ह्यांना काही काम द्या, म्हणजे प्रश्न मिटेल. कृष्णाजीनं महेशकडं बघितलं. महेशनं मान हलवली. मग पुढची तारीख पडली.

येताना कृष्णाजीची रिक्षा पुन्हा थांबली होती. राघोत्तमानं दिनकरचा दंड धरून त्याला बसस्टॉपकडं ओढत नेलं.

*

त्या आठवड्यात गावाहून फोन आला. थोरली गेली.

थोरली म्हणजे कृष्णाजीची आई. दिनकरची स्वतःची आई तो रांगत असताना गेली होती, आणि बाप उसाच्या टोळीबरोबर फिरायचा. त्यामुळं शेजारच्या थोरलीच्या परड्यात तो वाढला. तिनं त्याच्या डोक्याला तेल थापलं, अंगावरची गोचीड काढली, मद्रासला जाताना फडक्यात तिखटमीठ बांधून दिलं आणि कृष्णाजीला बजावलं, की हे माझं आहे, नीट ठेव. शेवंता लग्न होऊन आली ती पहिल्यांदा थोरलीच्याच जात्यावर बसली. दोघींचे हात एका खुंट्यावर. ओव्या थोरलीनंच शिकवल्या.

कृष्णाजी आणि महेश विमानानं गेले. दिनकरला गाडीचं तिकीट मिळालं नाही. स्टेशनवर उभ्यानं रात्र काढून तो भिजून परत आला आणि पायरीवर बसला. दुकान बंद होतं. शेवंतानं पोरांसाठी पीठ मळलं, आणि मळता मळता तिच्या तोंडून आपोआप आलं, थोरलीच्या चालीवर, पण शब्द तिचे:

थोरलीच्या जात्याला, माझ्या हाताचा गं खुंटा
पीठ तुझं, ओवी तुझी, माझा नुसता हेलपाटा

म्हणून झाल्यावर तिलाच कसंतरी वाटलं. मेल्या माणसाला असं बोलू नये. पण ते थोरलीला नव्हतं, हेही तिला कळत होतं.

दहाव्याच्या सकाळी दिनकर लवकर उठला. धोतर नेसला. कुठं, म्हणून तिनं विचारलं, आणि विचारताक्षणी तिला कळलं. ती दारात आडवी उभी राहिली. केस द्यायचे ते मुलांनी, तिनं सांगितलं. तुमचं आडनाव वेगळं. तुमच्या वकिलानं तिथं तेच उभं राहून सांगितलंय. त्या चकचकीत माणसानं भाकरीचं काय केलं ते बघितलं न्हाई का?

"तारीख हाय चार दिसांवर," ती म्हणाली.

"तिला तारीख नव्हती," तो म्हणाला.

तिनं दार सोडलं. पुढं तिला कितीदा वाटलं, की सोडायला नको होतं. पण त्या वेळी तिचे हातच खाली आले.

रायपुरमच्या किनाऱ्याजवळ न्हावी झाडाखाली बसतो. पावसाची भुरभुर होती. त्यानं विचारलं, अप्पा की अम्मा? दिनकर म्हणाला, अम्मा. केस गळून चिखलात पडले, अर्धे पांढरे. मिशी गेली, तशी वरच्या ओठावरची तेजाबाची जुनी डागणी उघडी पडली. ती शेवंतानंही लग्नापासून बघितली नव्हती. बोचऱ्या दगडांवरून तो पाण्यात उतरला. लाट आली, कमरेला धडकली. शेवंता काठावर त्याच्या चपला धरून उभी राहिली. समुद्राकडं बघून तो काहीतरी बोलला. वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही.

राघोत्तमाला तिनं टपरीवर गाठून सांगितलं. तो बराच वेळ कॉफी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत राहिला, गार होईपर्यंत.

"टोपी घालून आणा," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "नोको. काढायला सांगतील. तें आणखी वाईट."

*

तारखेला कृष्णाजी आदल्या रात्रीच गावाहून परतला होता. त्याच्या बाजूनं आता दुःख होतं, आणि दुःखी माणसाला कुणी खाली बघायला लावत नाही. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता. डोकं भादरलेलं, मिशी नाही, तोंड पोरकं. शेजारी महेश, केस नीट भांग पाडलेले. नातवानं दिले नाहीत तरी चालतात.

दिनकर जिना चढून वर आला. कृष्णाजीनं वर बघितलं. त्याचे ओठ हलले. दोघांची डोकी सारखी दिसत होती, एकाच वस्तऱ्याखाली बसल्यासारखी. कृष्णाजी उठला, दिनकरच्या उघड्या टाळूवर त्यानं हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. दोघंही रडले, आवाज न करता. शेवंतानं तोंड फिरवलं, तेव्हा तिला समोरचा वकील दिसला. तो हे सगळं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. काम सोपं झालेल्या माणसाचा चेहरा.

आत त्यानं जास्त काही बोलायची गरज ठेवली नाही. मॅडम, आईच्या मृत्यूनंतर मुलगा मुंडण करतो. ही दोन डोकी बघा. आता तुम्हीच सांगा, हा कामगार आहे का?

अलमेलू मॅडमनी एका डोक्याकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. महेशच्या केसांकडंही बघितलं. राघोत्तम उभा राहिला. रीतीमुळं नातं होत नाही, मायेमुळंही होत नाही, तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा उंच होता आणि शब्द एकमेकांत अडकत होते. मॅडमनी हात वर करून त्याला बसवलं. मी त्यांनाच विचारते, म्हणाल्या.

आधी त्यांनी कृष्णाजीला विचारलं, की हा तुमचा कोण?

कृष्णाजी तमिळ उत्तम बोलायचा. पण तो मराठीतच बोलला, मॅडमकडं न बघता, दिनकरकडं बघत.

"भाचा हाय माजा. आईनं दिलेला. लेकापरीस जवळचा."

महेशनं खाली बघितलं. वकिलानं त्याला अर्थ विचारून मॅडमना तमिळमध्ये सांगितलं, भाचा, एवढंच.

 भट्टीपुढं उभा राहून दिनकरनं आयुष्यभर जे ऐकायची वाट बघितली, गावच्या जत्रेत, दसऱ्याच्या पूजेला, महेशच्या लग्नाच्या मांडवात, जिथं कृष्णाजीनं त्याची ओळख करून देताना नेहमी आमचा माणूस एवढंच म्हटलं, ते आज म्हटलं गेलं होतं. इथं. या टेबलापुढं. खरंही होतं. कृष्णाजी खोटं रडत नव्हता, हे शेवंताला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा गळा धरावासा वाटला.

मॅडमनी दिनकरला विचारलं. तमिळमध्ये, सावकाश, की हे तुमचे कोण?

तो उठून उभा राहिला. शेवंतानं भिंतीला पाठ लावली. तिच्या ओठांनी तो शब्द आवाज न करता म्हटला, माडीवर शंभरदा म्हणवून घेतलेला.  त्याचे ओठ जुळले. पहिलं अक्षर आलं, तेच अक्षर, दोन्ही शब्दांचं, आणि त्याच्यापुढं काही येईना. राघोत्तमानं डोळे मिटून घेतले. बाहेर पाण्याचा पाट पत्र्यावरून कोसळत होता.

दिनकरनं कृष्णाजीच्या डोक्याकडं बघितलं. मग मॅडमकडं बघितलं.

"मुदलाळी," तो म्हणाला.

बाजारातले सगळे तमिळ लोक कृष्णाजीला त्याच शब्दानं हाक मारायचे. सोनार मारायचे, हमाल मारायचे, रिक्षावाले मारायचे. मुदलाळी म्हणजे मालक. दिनकरनं ती हाक त्याला कधी मारली नव्हती. मराठीत जे तोंड उघडेना, ते बाजारच्या भाषेत उघडलं, पण आवाज असा आला की जणू तेजाबाची वाफ लागली होती.

कृष्णाजीचा हात त्याच्या स्वतःच्या टाळूवर गेला. तिथं काहीतरी पडल्यासारखा.

मॅडमनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. दोन्ही बाजूंत समेट होत नाही, त्या म्हणाल्या, आता तुम्ही कामगार न्यायालयात जा. त्यांनी फाईल चळतीवर ठेवली आणि पुढच्या माणसांना आत बोलावलं. ती माणसं फाईल छातीशी धरून आधीच दारात उभी होती.

*

खाली राघोत्तमानं दिनकरच्या खांद्यावर थोपटलं. बरोबर सांगितलांत, म्हणाला. पण कोर्ट म्हणजे वर्षं. पोंगलला खोली सोडावी लागेल, त्याला कोर्ट आड येणार नाही. मी अर्ज लिहितों. उद्या या. नको, परवा या, उद्या पाणी भरेल रस्त्यावर. आणि छत्री उघडून तो वाऱ्यात वाकडा होत निघून गेला.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. महेश वकिलाच्या गाडीतून गेला होता. कृष्णाजी एकटाच आत बसला होता, प्लास्टिकचा पडदा एका हातानं वर धरून. पाणी त्याच्या बाहीत शिरत होतं.

"बस, दिनकर," तो म्हणाला. "डोकं उगडं हाय. भिजू नगंस."

दिनकर हलला नाही. त्यानं रस्त्याच्या पलीकडच्या बसस्टॉपकडं बघितलं. तिथं छप्पर नव्हतं.

शेवंतानं पिशवीत हात घातला. सकाळी भाकऱ्या बांधताना तिचे हात सवयीनंच चालले होते, आणि फडकी दोन झाली होती. तिनं छोटं फडकं काढलं, बिनमिठाचं. गोळीची वेळ झाली होती. ती रिक्षापाशी गेली आणि पडद्याखालून हात आत घातला.

"घ्या, मालक," ती म्हणाली. "तुमची भाकरी."

कृष्णाजीनं फडकं दोन्ही हातांत घेतलं, तसा पडदा सुटून खाली आला. प्लास्टिकमागं त्याचा चेहरा पाण्यात बुडाल्यासारखा दिसला. रिक्षावाल्यानं मागं बघून विचारलं, मुदलाळी, निघायचं का?  रिक्षा थोडा वेळ तशीच घरघरत राहिली, आणि मग निघाली.

शेवंतानं पदर काढून नवऱ्याच्या डोक्यावर धरला. तो पुरला नाही. दोघं रस्ता ओलांडायला उभी राहिली.